अल्फिओची बरणी

मित्रांनो, एखाद्या घरात माशांची टाकी असली की तुम्ही धावत जाऊन काचेला नाक लावता. मासे बघता, हिरव्यागार पाणवनस्पती बघता, फार तर वरच्या दिव्याचं कौतुक करता. टाकीखालच्या कपाटात कोण घुरघुरतंय, हे मात्र कुणी विचारत नाही. तो मी. टाकीचं पाणी गाळणारा एक जुना फिल्टर. रूप म्हणाल तर बादलीएवढा प्लास्टिकचा डबा, डोक्यावर मोटर आणि दोन लांब नळ्या. एका नळीने मळकं पाणी माझ्या पोटात येतं, दुसरीने स्वच्छ पाणी वर जातं. पोटात स्पंजचे तीन थर आणि चिनीमातीची बारीक नळकांडी आहेत. दिसायला सुंदर मी कधीच नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. साच्यातून बाहेर पडलो, मोटर बसली, कुणीतरी एकदा पाणी भरून पाहिलं आणि ‘पास’ असा कागद चिकटवला. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते, आणि पुढची कितीतरी वर्षं तेच शेवटचं ठरलं. मग जहाज, मग ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरातलं एक दुकान, आणि तिथून अल्फिओने मला उचललं.

अल्फिओ तिथून जवळच्या इनिसफेलचा. साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या छोट्या रेल्वेचं इंजिन चालवायचा. एकदा गाडी पुलावर अडकून पडली, तेव्हा त्याला खालच्या ओढ्यात लाल शेपटीचे, बोटाएवढे मासे दिसले. रविवारी तो जाळी घेऊन गेला आणि बारा मासे घरी आणले. त्यांच्यासाठीच ही टाकी आणि टाकीसाठी मी. पुढे त्या ओढ्यात कुणीतरी परदेशी, खादाड तिलापिया मासे आणून सोडले. तिलापियांनी दोन वर्षांत ओढा गिळला. अल्फिओ तीन रविवार जाळी घेऊन गेला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आला. त्या दिवसापासून टाकीतल्या माशांकडे तो वेगळ्याच नजरेने बघू लागला. तेव्हा ते अठरा झाले होते. त्यानंतर कितीही पिल्लं झाली तरी टाकीत अठराच ठेवायचा, बाकीची ओळखीच्यांना वाटायचा. पण त्यातली कुणाकडेच फार दिवस टिकली नाहीत.

आता माझं काम सांगतो. मासे घाण करतात, त्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते मी खातो, असं मला सुरुवातीला वाटायचं आणि मी जरा फुशारलोही होतो. खरं म्हणजे ते माझ्या स्पंजात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू खातात. मी त्यांचं घर. त्यांना सतत वाहतं पाणी लागतं, कारण त्यातूनच त्यांना प्राणवायू मिळतो. आणि नळाचं पाणी त्यांना मारतं, कारण त्यात क्लोरीन असतं. म्हणून अल्फिओ महिन्यातून एकदा मला मागच्या पायऱ्यांवर न्यायचा आणि टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात माझे स्पंज हलकेच पिळायचा. ती बादली त्याच्या बायकोची, नुंझियाची, कपडे भिजवायची. मग दर महिन्याला तेच.

“अल्फिओ, ती बादली कपड्यांची आहे!”

“अगं, टाकीचंच पाणी आहे, गटाराचं नाही.”

“मग नळाखाली धू ना, सगळं जग धुतं तसं!”

“नळाने हे मरतात.”

“कोण मरतात? मला तर कुणी दिसत नाही!”

इतकं बोलून ती बादली ओढून न्यायची. नुंझियाला माझ्याबद्दल प्रेम नव्हतं. तिचं प्रेम तिच्या बरण्यांवर. हिवाळ्यात ती तेलातली वांगी, टोमॅटोची चटणी, ऑलिव्ह भरून ठेवायची. प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी, तिच्यावर नाव आणि तारीख. बरणी उघडली की आधी नाक, मग चमचा. पाहुणे उपाशी बसले तरी चालतील, पण वास घेतल्याशिवाय तिच्या हातून ताटात काही पडायचं नाही. शेजारी मर्व्हिन यावरून तिला चिडवायचा. तो जुना वीजतंत्री, उंच, मोठ्याने हसणारा. “नुंझिया, एखाद्या दिवशी माझाही वास घेशील आणि परत पाठवशील,” म्हणायचा. ती म्हणायची, “तुझा इथूनच येतोय.”

माझी आणि वरच्या दिव्याची कधी गट्टी जमली नाही. लोक यायचे, दिवा लागायचा, ‘वा, काय सुंदर!’ म्हणायचे. अल्फिओलाही त्याचा इतका मोह पडला की सकाळी सहाला लागलेला दिवा रात्री दहापर्यंत चालू. शिवाय पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येई ते वेगळंच. दोन महिन्यांत काचेवर हिरवा थर चढला, पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखं शेवाळ लोंबू लागलं. आणि दोष कुणाला? मला! मर्व्हिन म्हणाला, “तुझा फिल्टर म्हातारा झालाय.” अल्फिओने शेवाळ मारायचं औषध आणून ओतलं. शेवाळ जराही हललं नाही, पण नाजूक वनस्पती मात्र विरघळल्या. मी खाली कपाटात धुमसत होतो. अरे, दिवा जास्त झालाय, दिवा! पण मला कोण विचारतंय?

शेवटी ते अल्फिओलाच उमजलं. त्याने दिव्याला टायमर लावला, दिवसाला सातच तास. खिडकीला पडदा टाकला. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावल्या, म्हणजे शेवाळाचं खाणं त्याच आधी पळवतील. जुनी काळी पानं कात्रीने कापून टाकली. दीड महिन्यात टाकी पुन्हा हिरवीगार झाली. माझी माफी कुणी मागितली नाही. मीही फार मनाला लावून घेतलं नाही, असं म्हणेन, पण ते खोटं आहे.

मग अल्फिओ गेला. हृदय बंद पडलं, इंजिनाच्या शेडमध्येच. माझ्या कपाटाचं दार नळ्यांमुळे पूर्ण बंद होत नसे, त्या फटीतून मी काळे बूट बघत होतो. खूप बूट आले आणि खूप बूट गेले. शेवटी नुंझियाच्या सपाता तेवढ्या राहिल्या.

ती माशांना खायला घालायची, काच पुसायची. दिवा टायमरने आपोआप लागायचा. पण मला उघडायचं तिला सुचलं नाही. दोन वर्षं माझं झाकण उघडलं नाही, मित्रांनो. स्पंज गच्च झाले, धार बारीक झाली. तरी मी ओढत राहिलो. संध्याकाळी ती टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायची आणि मोजायची. “सोळा... सतरा... अठरा. आहेत रे सगळे, अल्फिओ.” मग ती उठून स्वयंपाकाला लागायची. तेवढ्यासाठी मी ओढत होतो.

आणि मग फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं. इनिसफेलला वादळं नवी नाहीत. लोक बाथटब पाण्याने भरतात, खिडक्यांना पट्ट्या मारतात आणि बसून राहतात. छप्पर वाचलं, पण शहराची वीज गेली. माझी मोटर गप्प झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझाच आवाज ऐकू येईना.

नुंझिया घाबरली, पण हातपाय गाळून बसली नाही. तिने पडदा बाजूला करून उजेड आत घेतला, कारण पानांना उजेड मिळाला की ती पाण्यात प्राणवायू सोडतात, हे अल्फिओ शंभरदा बोलला होता. दर तासाला ती वाडग्याने पाणी उचलून उंचावरून परत सोडायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. सगळ्यात कठीण गेलं ते खायला न देणं. दाराशी आलेल्या कुणालाही उपाशी न पाठवणारी ती बाई. दुसऱ्या दिवशी तिने फ्रीझरमधलं सगळं मांस आणि कोळंबी अंगणात भाजून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं, नाहीतरी ते सडलंच असतं. पण मासे काचेशी येऊन तोंडं उघडायचे, तेव्हा ती पाठ फिरवायची. “तो म्हणायचा, वीज नसली की एक दाणाही नाही. खाल्लं की घाण, घाण झाली की विष. माझ्याकडे असं बघू नका रे.”

वर हे चाललं होतं आणि खाली मी भीतीने गोठलो होतो. माझं झाकण घट्ट होतं. पाणी थांबलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या जिवाणूंनी पोटातला प्राणवायू संपवला. दुसऱ्या दिवशी ते मरू लागले. तिसऱ्या दिवशी पोटातलं पाणी काळं झालं आणि सडलं. अकरा वर्षं ज्याने विष थोपवलं, त्याच्याच पोटात आता विष भरलं होतं. आणि मोटर सुरू झाली की पहिल्याच धारेला ते सगळं वर जाणार होतं. सगळं शहर विजेची वाट बघत होतं. वीज येऊ नये, असं वाटणारा अख्ख्या इनिसफेलमध्ये मी एकटाच असेन.

चौथ्या दिवशी सकाळी मर्व्हिन ढकलगाडीवर जनरेटर घेऊन आला. गल्लीत त्याचा एकच जनरेटर होता आणि तो घरोघर दोन-दोन तास फिरत होता.

“नुंझिया, आज तुझी पाळी. फ्रीझर लावायचा?”

“फ्रीझरमध्ये आहे काय आता? सगळं तुम्हीच खाल्लंत.”

“मग माशांना देऊ या. बिचारे चार दिवस गुदमरतायत.” तो आत आला, वाकला, माझा प्लग जनरेटरच्या वायरीच्या पेटीत घातला. दाराच्या फटीतून मला त्याचा जाड अंगठा दिसला. तो बटणावर टेकला. माणूस इतक्या मायेने माझ्या माशांना मारायला निघाला होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

“थांब!” नुंझिया म्हणाली.

“आता काय?”

“ते किती दिवस बंद आहे?”

“चार. सगळंच चार दिवस बंद आहे, बाई.”

“झाकण लावलेलं? या उकाड्यात? आत पाणी असताना?” सपाता जवळ आल्या. “चार दिवस झाकून ठेवलेलं मी कुणाला वाढत नाही. आधी वास.”

“अगं, ही काय वांग्यांची बरणी आहे?”

“बरणी ती बरणी. उचल.”

मर्व्हिन कुरकुरत खाली बसला. त्याने नळ्यांच्या तोट्या बंद केल्या, मला सोडवलं आणि मागच्या पायऱ्यांवर नेलं. नुंझियाने चिमटे उघडले, झाकण उचललं. मर्व्हिन तीन पायऱ्या मागे उडाला.

“देवा रे! आत मेलंय काय?”

“हेच तू माझ्या माशांच्या नाकात घालणार होतास,” ती म्हणाली. मग ती पायरीवर बसलीच. माझा जीव भांड्यात पडला, मित्रांनो. सडलेला, दुर्गंध सुटलेला मी, पण मला इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मर्व्हिनने ते काळं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं आणि बागेच्या नळाची नळी ओढत आला. “दे इकडे, साबण लावून चकाचक करतो.” माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. माझ्या आतल्या खोल भोकांत अजून थोडे जिवाणू तग धरून होते. नुंझियाने नळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि नाकाशी नेलं. वादळानंतर नगरपालिकेने पाण्यात क्लोरीन वाढवलं होतं.

“हे नाही,” ती म्हणाली. तिने ओंजळ मोकळी केली. मग म्हणाली, “माझी कपड्यांची बादली आण.”

“कपड्यांची?”

“तीच. आणि टाकीतलं पाणी घे त्यात. आमची भांडणं काय तू कधी ऐकली नाहीस?”

तिने माझे स्पंज टाकीच्या पाण्यात तीन वेळा पिळले, अल्फिओ पिळायचा तसे, हलकेच. ते तपकिरीच राहिले आणि तिने तसेच राहू दिले. नळकांडी नुसती हलवून घेतली. मग मला जोडून मर्व्हिनने बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड आधी बादलीत ठेवलं. पाणी नितळ आल्यावर तिने त्याचाही वास घेतला आणि मगच नळी टाकीत सोडली. मी घुरघुरलो. दोन वर्षांनी माझी धार पुन्हा जोरात वर गेली.

जनरेटर पुढच्या घरी निघाला तेव्हा नुंझियाने मला पुन्हा उघडलं. “याला परत झाकून सडवायचं नाही,” म्हणाली आणि माझे स्पंज काढून तिने चक्क टाकीतच सोडले. माझा स्पंज म्हणजे मीच. अकरा वर्षं ज्यांच्यासाठी राबलो, त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हिरव्या पानांतून ऊन तिरपं आलं होतं. लाल शेपट्या लखलखत होत्या. मासे घाबरत जवळ आले, मग माझ्या अंगावरचे कण टिपू लागले. चार दिवसांच्या उपाशी तोंडांना मी भरवत होतो.

नुंझिया खुर्ची ओढून बसली. “पंधरा... सोळा... सतरा.” ती थांबली. परत मोजलं, परत सतरा. मर्व्हिनही वाकून शोधू लागला. आणि मग एक जण माझ्याच मागून, घासाचा कण तोंडात धरून बाहेर आला.

“अठरा,” ती म्हणाली आणि पदराने नाही, एप्रनने डोळे पुसले. मर्व्हिन खिडकीबाहेर बघत नाक शिंकरत होता.

वीज नवव्या दिवशी आली. मी परत कपाटात आलो, पण कपाटाचं दार आता नाही. नुंझियाने मर्व्हिनला सांगून ते काढून टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मला उघडते, वास घेते आणि बादलीबद्दल स्वतःशीच कुरकुरते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी दारामागे गुपचूप राबत असेल. त्याला चकाचक करू नका, नुसतं अधूनमधून उघडून बघा. माझं इतकंच मागणं आहे. मला आता कौतुकाचीही हाव उरलेली नाही, कारण माझ्या झाकणावर एक कागदाची पट्टी आहे, तिच्या बरण्यांवर असते तशी. तिच्यावर पेन्सिलीने गेल्या रविवारची तारीख आहे आणि तारखेच्या वर नाव लिहिलंय, अल्फिओ.