राखणदाराची सुई

सिनेमाचा तिसरा भाग संपला आणि थिएटरातले लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कात्री तेवढी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिली. हात मोकळे सोडले असते तर पुढच्या रांगेतल्या दिग्दर्शकाची मानगूट धरली असती, अशी तिची तिलाच भीती वाटत होती.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जीभ फार चालायची म्हणून आत्याने ते ठेवलं, आणि मोठेपणी तिने पोटापाण्याला धंदाही तोच धरला. एका स्टुडिओत बसून ती गाद्यांच्या, रंगांच्या, टूथपेस्टच्या जाहिरातींचं संकलन करायची. म्हणजे लोकांनी हौसेने चित्रित केलेलं कापून फेकायचं आणि उरलेलं जोडायचं. राग तिच्या नाकावर कायमचाच असायचा. पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली ती शेजारच्या खुर्चीकडे बघून. तिथे आत्या बसली होती, हातातली पर्स मांडीवर उपडी धरून. सिनेमा काढला होता तो आत्याच्याच पुस्तकावरून.

पुस्तक केवढं? कोटाच्या खिशात मावेल एवढं. एक राजा गावातल्या सगळ्यांच्या सावल्या काढून घेतो आणि डोंगरातल्या कोठारात कोंडतो. रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्याची पोरगी एका लंगड्या, अट्टल खोटारड्या घोड्यावर बसून निघते, कोठाराच्या राखणदाराला गाठते, त्याच्याकडून किल्ली मिळवते आणि सावल्या परत आणते. कात्री लहान असताना पाय मोडून अंथरुणावर पडली होती, तेव्हा तिला एका जागी बसवायला म्हणून आत्याने ही गोष्ट रचून सांगितली होती. म्हणजे जगातल्या इतर वाचकांना पुस्तक मिळायच्या आधी ते कात्रीचं होतं. तिने तेव्हा एकच शंका काढली होती: "आत्या, पण राखणदार तिला किल्ली देतोच कसा? इतका दुष्ट आहे ना तो?" यावर आत्या म्हणाली होती, "झोप आता." पुढे पुस्तक निघालं, मुलांनी ते डोक्यावर घेतलं, आणि हीच शंका आत्याला जो तो विचारू लागला. आत्या हसून विषय बदलायची.

आणि या एवढ्याशा पुस्तकाचे सिनेमावाल्यांनी तीन भाग काढले होते. सलग बघायचे तर माणसाने डबा घेऊन बसावं. पाणी घालून वाढवावं तर किती? एक राजपुत्र घुसडला. राजपुत्र आला म्हणजे प्रेम आलं, प्रेम आलं म्हणजे दुसरी एक राजकन्या आली, आणि ती रुसली. पंखवाल्या सिंहांचं सैन्य आणलं. विनोदाला दोन जुळे बुटके आणले, ते दर थोड्या वेळाने चिखलात पडायचे. तिसरा भाग तर जवळजवळ अख्खा लढाईतच गेला; कोण कोणाशी लढतंय हे लढणाऱ्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आणि सगळ्यावर कडी म्हणजे दिवेवाल्याची पोर शेवटी निघाली हरवलेली राजकुमारी. इथे कात्रीच्या तोंडून शिवी गेली. ती दिवेवाल्याची पोर होती, हाच तर सगळा मुद्दा होता. राजकुमारीने राज्य वाचवलं यात कसलं आलंय नवल?

परतताना टॅक्सीत आत्या पर्सची चेन उघडझाप करत बसली. नंतर कोणी सिनेमाचा विषय काढला की "बघितला, छान मोठा आहे" म्हणायची आणि उठून जायची. ती नवीन पुस्तक लिहीत होती, ते अर्ध्यावर आलं होतं. त्याचे कागद आता इस्त्रीच्या कपड्यांखाली गेले. लिहायच्या टेबलावर कांद्या-बटाट्यांची टोपली आली. कात्री खालच्याच मजल्यावर राहायची, रोज वर जायची आणि रोज ती टोपली बघून पेटून खाली यायची.

"त्यांनी तिचं तोंड बंद केलंय बाबा," ती एकदा जेवताना म्हणाली. "आयुष्यभराची कमाई चिखलात लोळवली त्या दोन बुटक्यांबरोबर."

"तिने सही करून दिलंय ना पुस्तक? मग आता बोटं मोडून काय होणार," बाबा म्हणाले. आत्या त्यांची थोरली बहीण, पण त्यांना सगळ्यात जास्त धास्ती मुलीच्या रागाची. "तू आपली जाहिराती काप."

"जाहिराती कापतेच आहे. आता सिनेमाही कापते."

असं आधी कोणी केलं नव्हतं असं नाही. नेटवर चाहत्यांचा एक अड्डाच होता. ही मंडळी आवडत्या पुस्तकांवरचे फुगवलेले सिनेमे घ्यायची, घरच्या कम्प्युटरवर त्यांची चरबी उतरवायची आणि एकमेकांना दाखवायची. त्यातल्या एकाने आत्याच्या सिनेमातले बुटके काढून टाकले होते. दुसऱ्याने राजकन्येचं रुसणं काढलं होतं. कात्रीला हे सगळं मिळमिळीत वाटलं. नखं कापून वजन उतरतं का कुठे?

तिचा नियम सोपा होता. पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं. पुस्तकात असेल ते राहील, नसेल ते जाईल, मग कितीही देखणं असो. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसली की दुपारपर्यंत ती मान वर करायची नाही. राजपुत्र पहिल्या तडाख्यात गेला. त्याच्यामागे राजकन्या, बुटके, सिंह. पोर राजकुमारी निघते तो दरबार उडवताना तर तिला इतकं समाधान वाटलं की तिने तो आधी एकदा परत लावला आणि मग परत उडवला.

कापणं सोपं, सांधणं अवघड. लढाईचं संगीत मागून पुढच्या शांत प्रसंगात शिरलेलं असायचं, प्रसंग कापला तरी ढोल उरायचे. मग तिने तिथला सगळा आवाजच पुसला आणि नव्याने घातला. पोरीच्या पावलांसाठी स्वयंपाकघरातल्या परातीत वाळू घेतली आणि जुनी चप्पल हातात घालून चालवली. बाबा दारातून बघून गेले, काही विचारायची त्यांची छाती झाली नाही.

लढाई तिने सबंध उचलून फेकली. फेकण्याआधी एकदा भरभर पुढे पळवत बघितली, आणि लढाईच्या ऐन मध्यात तिचा हात अडला. बाहेर सैन्यं भिडलेली, आणि आत कोठारात राखणदार एकटाच बसलाय. गुडघ्यावर एका लहान मुलाची फाटलेली सावली. तो सुईत दोरा ओवतो, सावली शिवतो, दात लावून दोरा तोडतो आणि सावलीची नीट घडी करून ती फळीवर ठेवतो. संवाद नाही, संगीत नाही. जेमतेम मिनिटभराचा प्रसंग. कात्रीने मांडीवरचं पुस्तक चाळलं. पुस्तकात राखणदार सावल्यांना चाबकाने हाकतो, सुईबिई कुठेच नव्हती. दुष्टाला गोंडस करायची ही सिनेमावाल्यांची जुनी खोड, असं म्हणून तिने तोही उडवला.

शेवटी उरला तो एकच सिनेमा, साध्या सिनेमाएवढा, एका बैठकीत बघता येईल असा. कात्रीला स्वतःचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल. रविवारी सकाळी लॅपटॉप आणि पुस्तक काखेत मारून ती वर गेली. टेबलावर टोपली होतीच. तिने लॅपटॉप टोपलीशेजारी मांडला आणि आत्याला खुर्चीत बसवलं.

"मला परत नको गं तो सिनेमा," आत्या म्हणाली.

"तो नाहीच हा. हे तुझं पुस्तक आहे. त्यांनी घातलेलं सगळं काढून टाकलंय. बस मुकाट्याने."

आत्या बसली. खोटारडा घोडा बोलायला लागला तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा हलला. पोर डोंगर चढत असताना ती पुढे सरकून बसली. आत्या पडद्याकडे बघत होती आणि कात्री आत्याकडे. मग पोर कोठाराशी पोचली, राखणदाराने चाबूक उगारला, ती रडली नाही, आणि त्याने कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. पुढे शेवटचं प्रकरण आलं. पोर गावी परतली, राजाची भर चौकात फजिती झाली, ज्याची त्याची सावली ज्याला त्याला मिळाली.

सिनेमा थांबला. कात्री शाबासकीची वाट बघत उभी.

"तो शिवत बसतो ते कुठे गेलं?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"राखणदार. सावली शिवतो तो."

"ते तुझ्या पुस्तकात नाहीये आत्या. त्यांनी घुसडलं होतं."

"मला माहितेय माझ्या पुस्तकात काय आहे ते. कुठे गेलं, विचारतेय."

आत्याचा आवाज चढला होता. कात्रीने तो चढलेला गेल्या कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"कापलं मी," कात्री म्हणाली. तिचाही पारा चढायला लागला. "कापलं, कारण तुझं नव्हतं. त्या लोकांनी तुझी वाट लावली, तू लिहायची थांबलीस, आणि आता त्यांचीच बाजू घेतेस?"

"वाट लावली म्हणून कोण थांबलंय? राजपुत्र, सिंह, ते मेले बुटके, त्यांच्याकडे बघून मला झोप येत होती. आणि मग त्या गोंधळात मध्येच हा माणूस सुई घेऊन बसला." आत्या बोलता बोलता उठून उभी राहिली. "तू पाय मोडून पडली होतीस तेव्हा काय विचारलं होतंस मला? किल्ली देतोच कसा. मी म्हटलं झोप. का म्हटलं? मला ठाऊकच नव्हतं. पुस्तक छापलं तरी ठाऊक नव्हतं. पोरं विचारायची तर दात काढून वेळ मारून नेत होते. आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी मला थिएटरात बसवून एका मिनिटात दाखवलं, की अगं, तो त्या सावल्या सांभाळत होता. कोणीतरी घ्यायला येईल म्हणून वाट बघत होता. मला लाज वाटली गं. राग नाही, लाज. घरी आले आणि नवीन कागद वाचले, त्यातही जागोजागी असंच 'झोप आता' म्हणून ठेवलेलं."

 कात्री इतके दिवस ज्यांच्या नावाने खडे फोडत होती, त्यांच्यात एक माणूस पुस्तक नीट वाचलेला निघाला होता.

"इतक्या सगळ्यांत एकानेच माझं पुस्तक मनापासून वाचलं होतं," आत्या म्हणाली, "आणि तू नेमकं त्यालाच कापलंस."

हे झोंबलं.  कात्रीने खुर्ची ओढली, पुस्तक मांडीवर घेतलं, फेकलेल्या तुकड्यांतून तो मिनिटभराचा प्रसंग शोधून काढला आणि दात-ओठ खात पोर डोंगर चढते त्याच्या आधी बसवला. तिथे तो बसला नाही. तिने पुढे सरकवला. पोर कोठाराच्या दाराशी पोचते, आतून उजेड दिसतो, आणि आत तो शिवतोय. तिथे नेमका बसला, सांधाही कळेना.

दोघींनी ते परत बघितलं. राखणदाराने सावलीची घडी केली, फळीवर ठेवली, दारात पोर दिसली. त्याने चाबूक उगारला खरा, पण आता तो हात बघवत नव्हता. त्याने किल्ली दिली. कात्रीने बाहीने डोळे पुसले आणि त्याचाही तिला राग आला.

"थांब इथे," आत्या म्हणाली. "इथेच संपव."

"इथे? अजून शेवटचं प्रकरण आहे. राजाची फजिती."

"काप."

"आत्या, ते तुझं आहे. ते पुस्तकात आहे."

"म्हणूनच सांगतेय. किल्ली का दिली ते मला सांगता येईना, म्हणून राजाला चौकात नाचवलं, म्हणजे लोकांनी तिकडे बघावं. त्यांनी सिंह आणले, मी राजा आणला. पाणी ते पाणीच. काप म्हणते ना."

कात्रीने पुस्तक मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. लहानपणी पाय मोडलेला असताना पाठ केलेलं ते प्रकरण तिने एका झटक्यात काढून टाकलं. सिनेमा किल्लीवर संपला. पोरीच्या हातावर ती किल्ली, आणि मागे फळ्या भरभरून घड्या.

 आत्याने इस्त्रीच्या कपड्यांखालून कागद ओढून काढले, टेबलावरची टोपली उचलली आणि कात्रीच्या हातात कोंबली.

"हे स्वयंपाकघरात नेऊन ठेव," ती म्हणाली. "आणि येताना पेन आण."