पुढचं आवाज थांबल्यावर

घंटा दुसऱ्यांदा वाजली तशी तिनं एमआरआयचं यंत्र थांबवलं आणि आत जाऊन पलंग बाहेर ओढला. वडील नळीतून बाहेर आले, तरी डाव्या हातातला घंटेचा रबरी फुगा दाबतच होते. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"बाबा, आलात तुम्ही बाहेर. सोडा आता तो."

"मी घाबरलो नाहीये," ते म्हणाले. "तुमचं यंत्रच अरुंद आहे."

"अरुंद आहेच. भल्याभल्यांना घाम फुटतो इथं."

उभा जन्म त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. चहूबाजूंनी काचा, वर आभाळ, खाली खेळण्यांएवढी जहाजं. असल्या माणसाला नळीत सरकवायचं म्हणजे घारीला बाटलीत घालण्यासारखंच. पण गेले काही दिवस उजवा हात दगा देत होता. पेला सुटायचा, किल्ली कुलपात शिरायची नाही. डोक्याचा एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टर पुढचं बोलायला तयार नव्हते.

"दुसऱ्या कुणाला बसवू का?" डॉक्टरांनी दारातून विचारलं. "आपल्याच माणसाचं काम जड जातं."

"नको सर. यांना आत स्थिर ठेवणं मलाच जमेल."

ही फुशारकी नव्हती. नळीत ओरडणारे, रडणारे, पाय झाडणारे पेशंट सगळे तिच्याच वाट्याला यायचे. विभागात तिला 'गोष्टीवाल्या मॅडम' म्हणत. घाबरलेल्याला धीर देऊन काही होत नाही, त्याच्या डोक्यात भुंगा सोडावा लागतो, हे ती अनुभवानं शिकली होती. रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची, ती जगात कशी आली ते सांगायला लागायचं, आणि ऐन रंगात यंत्र सुरू करायचं. त्या धडधडाटात माणूस 'पुढं काय झालं असेल' यातच अडकतो आणि हलायचं विसरून जातो.

फक्त या एका माणसावर तिनं ती युक्ती कधी वापरली नव्हती. लहानपणी जेवताना ती असलं काही सांगायला लागली, की ताटातून मान वर न काढता ते विचारायचे, "याचा उपयोग काय?" क्रेनवर एकटं बसून दिवसभर यंत्रांची घरघर ऐकलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, हे तिला फार उशिरा कळलं. कळलं तसा राग गेला. पण त्यांच्यापुढे गोष्ट सांगायची सवय मोडली ती मोडलीच.

"बाबा, खाण्याचे पत्र्याचे डबे पुष्कळ उतरवले असतील ना तुम्ही?"

"डोंगर उतरवलेत. का?"

"तो डबा निघाला तेव्हा तो उघडायचं हत्यारच नव्हतं. पुढं कित्येक वर्षं नव्हतं."

"काहीतरीच. मग लोक खायचे कसे?"

"पुढचं आवाज थांबल्यावर," ती म्हणाली, आणि पलंग आत सरकवला.

काचेपलीकडे येऊन तिनं यंत्र चालू केलं. धाड, धाड, धाड. नळीबाहेर दिसणारी त्यांची पावलं जरा थरथरली, मग स्थिर झाली. आवाज थांबताच तिनं माइक सुरू केला.

"छिन्नी आणि हातोडी! डब्यावर तसं छापलेलंच असायचं."

आतून घुसमटल्यासारखा आवाज आला. ती दचकली. मग लक्षात आलं, ते हसत होते.

"हसू नका, फोटो हलतो!"

"अगं, धक्क्यावर आम्ही तरी काय करायचो? स्क्रू ड्रायव्हर ठोकून फोडायचो डबा. तुझी आई अडाणी म्हणायची मला."

"अडाणी कसले? डब्याच्या घराण्याची रीत पाळत होता तुम्ही."

"दुसरं सांग."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकले होते.

"काचसामानाला गुंडाळतात ना, तो फुगेवाला प्लास्टिकचा कागद? तो बनवणाऱ्यांनी गुंडाळायला म्हणून बनवलाच नव्हता. कशाला बनवला असेल, विचार करा."

पुन्हा धडधडाट. आणि पडद्यावर एकेक चित्र उमटू लागलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथं काही नसायला हवं तिथं, पांढरा डाग होता. भोवती सूज. पुढच्या चित्रात तो मोठा झाला, त्याच्या पुढच्यात आणखी. असले डाग तिनं आयुष्यभर पाहिले होते; तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर मागं येऊन उभे राहिले. चष्मा लावून पाहिलं, आणि त्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"इंजेक्शन देऊन पुन्हा काढावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो सर."

आवाज थांबला.

"टेबलावर अंथरायला!" वडील आतून म्हणाले. "नाहीतर पोरांना फोडत बसायला."

ती घोटभर पाणी प्यायली. ऐकणाऱ्याला मध्येच सोडून द्यायचं नाही, हा तिचा नियम होता.

"भिंतीला चिकटवायला, बाबा. घरं सजवायला." आवाज नेहमीचाच निघाला, स्वच्छ, जरासा खट्याळ.

"मग लावला कुणी?"

"कुणी ढुंकून पाहिलं नाही."

"कसं पाहणार! पाठ टेकली की फटाफट. आणखी आहे ना?"

"पुष्कळ आहे."

तिनं आत जाऊन स्वतःच शीर शोधली, सुई टोचली आणि टोचताना त्यांना सांगितलं, की कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून एकाला बुटाची वेल्क्रोची चिकटपट्टी कशी सुचली. बिया केसांना का सोडत नाहीत, इथवर आणून तिनं त्यांना पुन्हा आत पाठवलं. घंटा शेवटपर्यंत वाजली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत ते आरशासमोर उभे राहिले. त्यांचा स्वेटर हातात घेऊन ती बाजूला थांबली.

"दिसलं ना तुला?"

"दिसलं, बाबा. डॉक्टर सांगतील सगळं. मी आहे बरोबर."

त्यांनी मान हलवली. सदऱ्याची बटणं लावताना एक काज चुकलं आणि कॉलर एका बाजूला वर चढली. तिचा हात पुढं झाला, पण तिनं तो आवरला. त्यांनी आरशात पाहिलं, सगळी बटणं काढली आणि डाव्या हातानं खालून पुन्हा सुरुवात केली.

"या बटणाचंही काहीतरी असेलच."

"आहे ना. आधी नुसतं शोभेला लावायचे. काज हजारो वर्षांनी आलं."

"तोवर नुसतंच मिरवायचे?"

"नुसतंच."

"बरंय," ते म्हणाले, आणि पुढचं बटण काजात ढकलू लागले. ते निसटलं. पुन्हा धरलं.

डॉक्टरांनी दार उघडून आत डोकावलं. तिनं हातानंच त्यांना थांबायची खूण केली.