जामिनाची मुदत

शिशाची गोळी... जाळ्याच्या काठाला ओवायची, दाबायची, पुढची घ्यायची — पण ही एक केव्हाची खुशालच्या तळहातावरच पडून राहिलेली, आणि कान बांधावरच्या रेडिओकडे. मुंबईत विधानसभेत हमीवरच बोलणं चाललेलं. सहकारी बँकांना सरकारनं दिलेली हमी या महिनाअखेर संपते. ती वाढवायची की नाही, एवढाच वाद. बातम्यांत सांगत होते, एक आमदार म्हणाले, बुडत्या बँकांना सरकारनं किती दिवस खांदा द्यायचा? खुशालला कडू हसू आलं. खांदा मेल्याला देतात बाबा, बुडत्याला हात देतात!

खुशाल अध्यक्ष असलेल्या मच्छिमार संस्थेचा सगळा पैसा चामोर्शीच्या तसल्याच एका बँकेत. मॅनेजरनं काल चहा पाजला, म्हणाला, हमी वाढली की लगेच देतो, खुशालभाऊ, तोवर माझे हात बांधलेले. आणि इथे तलाव तुडुंब... माशांचं बीज आत्ताच सोडायचं असतं, पाणी नवं असताना, आणि बीजवाला रोख मागतो. श्रावण सरला की मग वर्षभर जाळ्यात काय येणार, चिखल? बायांनी बाजारात रिकाम्या टोपल्या घेऊन बसायचं? पैसा घरोघरी ठेवू, असं ताराबाई म्हणत होती, भर सभेत, हात नाचवून. तेव्हा मीच उठलो — "बाई, सरकार जामीन हाये. त्याच्याहून मोठा जामीन कोन?" काय ऐट होती आवाजात!

जामीन... आमच्याकडे जामीन राहायचं म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, ओंजळ भरायची आणि सगळ्यांदेखत आपलं नाव घ्यायचं. गावातल्या सुकलूसाठी बाबा असेच उतरले होते. सुकलू दुसऱ्याचं जाळं घेऊन पळाला तो पळालाच. बाबांनी भरपाईचं जाळं विणायला घेतलं, अर्ध्यावर गेले, उरलेलं मी विणलं. कुणी मुदत विचारली नाही, कुणी सांगितली नाही. जामिनाला मुदत असते, हे मला या रेडिओनं शिकवलं... मेल्यानं.

"का म्हंते तुहा रेडिओ?" ताराबाई बांधावर येऊन उभी होती. पंचवीस वर्षं याच तलावाचे मासे डोक्यावर वाहिलेली म्हातारी.

"चर्चा उद्यावर गेली, बाई."

"उद्या हो म्हंतीन?"

"म्हंतीन... सहा महिन्यांसाठी."

"आन् मंग?"

खुशालनं तळहातावरची गोळी जाळ्याच्या काठाला ओवली, दाबली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती शांतच.

"तू उतर ना पान्यात," ती म्हणाली. "तुह्या बापासारखा. मले तेवढं पुरे. मी सांगतो साऱ्यायले, खुशाल जामीन हाये."

तो उतरला. का उतरलो? नाही म्हणायची जीभच नव्हती म्हणून. गुडघे, मांड्या, कंबर... पाणी गार. ओंजळ भरली. आता फक्त नाव — स्वतःचं, रोजचं, साधं नाव. पण एवढ्या घरांची भरपाई मी कुठून विणणार, आणि माझ्यामागे? पोरगा अमर बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, त्याला जाळ्याची एक गाठ येत नाही... आणि तिकडे मुंबईत ते आमदार, कोरड्यात बसलेले, उद्या पुन्हा बोलतील.

बोटांतून पाणी गळून गेलं. त्यानं ओंजळ पुन्हा भरली. वर ताराबाई पदर सावरून उभी होती, तोंडावर कसलीच शंका नाही, आणि खुशालला पहिल्यांदाच वाटलं, देवा, हिनं माझ्यावर विश्वास ठेवू नये.