दिवसाढवळ्याची फळी

दिवसाढवळ्या फळी लावून बसायची ही कुठली रीत, तेच मुक्ताबाईंना कळेना. शिंगणापुरात घराला दार नसतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, उजाडलं की बाजूला. आणि ही त्यांची नात, राजनंदिनी, संगमनेरला इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष करून आलेली. आठ दिवस झाले, अंगणाकडच्या खोलीला भर दुपारी फळी लावून आत. जेवायला हाक मारली तर "भूक नाही." बोलायला गेलं तर भिंतीकडं तोंड.

मुक्ताबाईंचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान घराच्या ओट्यावरच. येणारा-जाणारा विचारायचा, "नंदी कधी चालली पुण्याला नोकरीवर?" विचारणारच. पेढे खाल्ले होते ना सगळ्यांनी. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत नाव आलं, तर मुक्ताबाईंनी त्याच दिवशी अर्ध्या गावाला वाटले. नाव आलं म्हणजे नोकरी आली, असंच त्या समजल्या. पुढं कंपनीनं नाही म्हटलं. मग आणखी सात कंपन्यांनी. गावाला मात्र त्या "पुढच्या महिन्यात जाणार" असं रेटून सांगत राहिल्या.

आज शेजारची कडूबाई अंगणात आली आणि फळीकडं बघून म्हणाली, "असं काय दडवलंय घरात, मुक्ताबाई?"

ते झोंबलं. गिऱ्हाईक तसंच सोडून त्या उठल्या नि फळी ओढून बाजूला केली.

"शनिदेवाच्या गावात दिवसा फळ्या लावती? लोकांची लाज वाटती का काय?"

नंदी खाली बसली होती. अंगावर चार दिवसांचे कपडे, केसांच्या जटा झालेल्या.

"लोकांसाठी नाही लावली, आजी," ती हळू आवाजात म्हणाली. "फळी नसली की अंगणातली विहीर दिसते. दिसली की जावंसं वाटतं."

ओट्यावरून गिऱ्हाईक तेलासाठी हाका मारत होतं. मुक्ताबाई नातीशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघ्यांमुळं वर्षभर त्या अशा खाली बसल्या नव्हत्या. कडूबाई अजून तिथंच उभी होती.

"कडूबाई, नंदीला नोकरी लागलेली न्हाई. पेढे मी उगाच वाटले. जा, सांग गावाला."

कडूबाई गेली. मुक्ताबाईंनी नातीचं मनगट धरलं.

"आन् तुझं लई चुकलं, नंदे. फळी लावायचीच हुती तर पैली माझ्या तोंडाला लावायची. आठ दिस एकटी बसलीस हितं. आता मी हितनं हलत न्हाई. उद्या सकाळी नगरला डॉक्टरकडं जायचं, दोघींनी. मी इचारत न्हाई, सांगती."