डावीकडची शिवण

तंबूला साबण लावणाऱ्या माणसाला फोरमन दारात उभं करत नसत. साबणाने कापडाची पाणी अडवायची ताकद जाते, हे ते येईल त्याला ऐकवायचे, मग तो मीटर बघायला आलेला माणूस का असेना. छापखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. बायको शाळेत शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची बाई. लग्नानंतर दोघांनी घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे हा जाड सुती कापडाचा तंबू. पलंग नंतर आला.

दर वर्षी सुट्टीत तळ्याकाठी राहायला जायच्या आधी मागच्या अंगणात तो उघडायचा. घड्या सुटल्या की आधी यायचा तो वास, कोंदट, गवताचा, कंदिलातल्या रॉकेलचा. मागोमाग गेल्या वर्षीचं काहीतरी घरंगळत बाहेर पडायचं. कधी तळ्याकाठचा गुळगुळीत दगड, कधी लेकीची रिबीन. एकदा तर अख्खा चमचा निघाला, ज्याच्यावरून दोघं वर्षभर भांडले होते! बाई कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बुरशीचे ठिपके घासायच्या, फोरमन वाकलेल्या खुंट्या ठोकून सरळ करायचे. तंबू खडखडीत वाळला की ते चपट्या ब्रशने बाहेरून वॉटरप्रूफिंगचं लिक्विड लावायचे, शिवणींना दोन दोन हात.

मग परीक्षा. बाई आत शिरून बसायच्या, फोरमन वरून झारीने पाणी ओतायचे आणि विचारायचे, "काय गं?"

"कोरडाठाक!" आतून उत्तर यायचं, आणि फोरमनची छाती फुगायची. तळ्यावर गेल्यावर ते शेजारच्या तंबूवाल्यांना जाऊन सल्ले द्यायचे, कुणी न मागता. बाई हात जोडायच्या, "अहो, राहू दे की त्यांना सुखाने."

एक शिवण मात्र फोरमनना दर वर्षी छळायची. डावीकडची. लिक्विड तिच्यात मुरायचंच नाही, थेंब थेंब होऊन खाली ओघळायचं. "दुकानदार पाणी मिसळतो, चोर लेकाचा," असं म्हणत त्यांनी दुकानं बदलली, ब्रश बदलले. शिवण काही बदलली नाही.

पण बाईंचा निकाल दर वर्षी तोच यायचा, मग फोरमन कशाला खोलात शिरतील?

लेक मोठी झाली, नर्स झाली, लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. तळ्यावर जाणं राहूनच गेलं. आधी फोरमनचा मोतीबिंदू, मग बाईंचे गुडघे, आणि गेल्या थंडीत बाईंना न्यूमोनिया. त्या बऱ्या होऊन घरी आल्या तशी फोरमनच्या मनाने उचल खाल्ली. एकदा, फक्त एकदा तळ्यावर जायचं. आता नाही गेलो तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेकीने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आईच्या छातीला ओल चालणार नाही. तंबू गळला तर जायचं नाही. बाबा, माझी शपथ घ्या." फोरमननी घेतली.

एक गोष्ट ते कुणाला बोलले नव्हते. बाईंना खरं तर घर आवडतं, मऊ गादी आणि पुस्तक मिळालं की त्या खूश. केवळ आपल्या हट्टापायी ती बिचारी दगडधोंड्यांवर झोपायला येते, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

तर तंबू निघाला, घासला, वाळला, लिक्विड लागलं. परीक्षेच्या वेळी पंचाईत झाली. बाईंचे गुडघे दुमडेनात.

"तुम्ही बसा आत," बाई म्हणाल्या. "द्या ती झारी इकडे."

फोरमन रांगत आत गेले. या तंबूत ते इतकी वर्षं झोपले होते, पण भर दिवसा असे नुसते कधी बसलेच नव्हते. पिवळसर उजेड पडला होता. इथे मध्ये लेक झोपायची, पाय कायम त्यांच्या पोटावर. इथे दाराशी ते, आणि तिकडे डाव्या कडेला बाई. इथेच लेकीला पहिल्यांदा बेरजा येऊ लागल्या, कंदिलाभोवतीचे किडे मोजून. गेले ते दिवस, असं म्हणून मोकळं होता येत नाही हो.

वरून पाण्याचा सडसड आवाज सुरू झाला. आणि त्यांच्या मानेवर टप्पकन थेंब पडला.

डावीकडची शिवण! फोरमननी बोट लावलं, बोट बुळबुळीत झालं. नखाने खरवडलं तर नखात मेण. मेणबत्तीचं मेण, टाक्यांतून आरपार गेलेलं, थरावर थर, पांढरं, पिवळं, मध्येच गुलाबी. ते गुलाबी त्यांनी ओळखलं. लेकीच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या.

तळ्यावरच्या सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. बाई सगळ्यांच्या आधी उठलेल्या असायच्या आणि दोरीवर पांघरूण वाळत असायचं. एकच, त्यांचं. "अंथरुणाला ऊन दाखवावं," म्हणायच्या. फोरमनना वाटायचं, शिक्षिका ना, टापटिपीची हौस.

"काय हो?" बाहेरून बाईंनी विचारलं.

एक शब्द बोलायचा, की तळं त्यांचं. लेकीला कळणार नव्हतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण थेंब पडत होता तो बाईंच्या उशीच्या जागी.

"गळतंय," फोरमन म्हणाले.

ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते. "संपलं. नाही जायचं. आणि तू? ओल्यात झोपायचीस? एवढी वर्षं?"

"रोज कुठे पाऊस पडायचा?"

"थट्टा नको करूस! शिवणीला मेण तू फासलंस. म्हणून माझं लिक्विड मुरत नव्हतं, आणि मी त्या दुकानदाराला शिव्या घालतोय!"

"पहिल्याच वर्षी गळली ती. रात्री हाताशी मेणबत्ती होती, घासली. घडी घातली की मेण तडकायचं, मग पुढच्या वर्षी परीक्षेला आत बसले की पुन्हा घासायची. जोराच्या पावसात तरी झिरपायचंच."

फोरमन मटकन पायरीवर बसले. "माझ्यासाठी कशाला एवढं सोसलंस गं?"

"तुमच्यासाठी?" बाईंनी झारी खाली ठेवली. "तुमच्यासाठी नाही हो. गळतंय म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्या शिवणी उसवत बसला असतात आणि सुट्टी संपली असती. नाहीतर रागाच्या भरात तंबूच विकून टाकला असतात. मी काय ओळखत नाही तुम्हाला? मला जायचं होतं. वर्षभर त्या पोरांच्या वह्या तपासायचे ते त्या तळ्याच्या आशेवर. तिथे मला कुणी बाई म्हणत नव्हतं."

फोरमननी नखातलं मेण काढलं. "मला वाटायचं, माझ्या हट्टापायी येतेस."

"वाटू दिलं. परत आल्यावर महिनाभर भांडी घासायचात की नाही?"

फोरमन हसले आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मग उठून ते शिवणीपाशी गेले. "हे मेण निघेल. खाकी कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली की कागद सगळं शोषून घेतो. मग पुन्हा लिक्विड. या वेळी लेकीलाच आत बसवू, होऊ दे तिची खात्री."

"आणि तरी गळली तर?"

"तर तिलाच विचारू. ती हो म्हणाली तर उजवीकडे तू, दाराशी, कोरड्यात. डावीकडे मी."

एरवी बाई म्हणाल्या असत्या, राहू दे हो, मला सवय आहे. आज तसं काही म्हणाल्या नाहीत.

"चालेल," त्या म्हणाल्या. "बघू या, तुम्ही किती रात्री तोंड मिटून झोपता."