मार्लाच्या तबकडीवरचे शेवटचे गाणे

मित्रांनो, मी गाण्यांची एक जुनी, काळी तबकडी आहे. माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातला. मार्ला कॉडिल या गायिकेने मला स्वतःच्या हिमतीवर काढले. ती गाणी स्वतः रचते, स्वतः गाते आणि जत्रांमधून स्वतःच विकते. तिच्या पाठीशी कुठलीही कंपनी नाही. असा माणूस मोकळा असतो खरा, पण चुकला तर बोट दाखवायलाही त्याला दुसरे कोणी सापडत नाही.

माझी गाणी तंबाखू वाळवायच्या एका रिकाम्या कोठारात टिपली गेली. आमच्या डोंगरी संगीताची, म्हणजे ब्लूग्रासची, जुनी रीत अशी, की सगळ्यांत मिळून मायक्रोफोन एकच. ज्याची पाळी येईल त्याने पुढे सरायचे, वाजवायचे आणि मागे हटायचे. बँजोवाला, मेंडोलिनवाला आणि फिडल वाजवणारा हर्शेल एकमेकांचे पाय तुडवत वाजवत होते. फिडल म्हणजे तुमचे व्हायोलिनच. त्या दिवसांची आठवण आली की आजही मला बरे वाटते.

शेवटचे भजन मात्र मार्लाच्या आईने, ओपलबाईंनी, गायचे ठरले. त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला थारा नाही. देवापुढे फक्त माणसाचा गळा न्यायचा, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा.

"ती लाकडं नि तारा आधी बाहेर काढा," ओपलबाई म्हणाल्या. "आणि मागाहूनही काही वाजवायचं नाही हं, मार्ला."

"शब्द देते, आई."

गाताना त्यांचा आवाज एकदा चिरकला. पुन्हा गायला त्यांनी साफ नकार दिला. "देवानं ऐकलं. बास झालं."

पण घरी ऐकताना मार्लाच्या मनात पाल चुकचुकली. इतके उघडेबोडके गाणे लोक ऐकतील का? तिने हर्शेलला बोलावले.

"ओपलमावशीला विचारलंस?" गज हातात घेत तो म्हणाला.

"सांगेन रे नंतर. हळूच वाजव, तिला कळणारसुद्धा नाही."

मी तेव्हा तबकडी झाले नव्हते. झाले असते तरी माझे कोण ऐकणार होते म्हणा! ओपलबाईंच्या आवाजावर फिडल चढले आणि मग माझा जन्म झाला. वर्तमानपत्रांनी माझे कौतुक केले, तेही नेमके त्या फिडलचे. मार्ला हरखून गेली आणि मला घेऊन आईकडे आली.

ओपलबाई घेवडा आणि मक्याचा पाव वाढत होत्या. शेवटचे गाणे लागले आणि त्यांचा हात थांबला. गाणे संपेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

"मला विचारलं असतंस तर?"

"तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, नाहीच म्हणाले असते. म्हणून तर विचारायचं असतं, पोरी."

त्या दिवसापासून चर्चमध्ये त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही. मार्लाला ते सहन होईना. तिने घरातल्या साऱ्या तबकड्या काढल्या आणि खिळ्याने एकेकीवरचे शेवटचे गाणे ओरखडून टाकले. मलाही तिने सोडले नाही. फार दुखले, पण मी तिच्यावर रागावले नाही. मग ती मला घेऊन पुन्हा आईकडे धावली.

"बघ, आई, खोडून टाकलं. आता तरी गा ना! चर्चमधल्या सगळ्या बाया मला विचारतात गं, तू गात का नाहीस म्हणून."

ओपलबाईंनी माझ्या ओरखड्यांवरून बोट फिरवले.

"गायला जातेच गं मी दर रविवारी. पहिली ओळ ओठावर येते आणि मागून ते फिडल सुरू होतं. माझ्या कानातलं कशानं खोडशील?"

मार्ला खाली बसली आणि रडू लागली. आईने तिला जवळ घेतले, पण गाईन असे काही त्या म्हणाल्या नाहीत.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, उन्हात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण माझ्याआधी माणसाचा आवाज जपा. त्यात आपली भर घालावीशी वाटली तर आधी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर हात आवरा. मी आता ओपलबाईंच्या कपाटात असते. त्या अजूनही दर रविवारी चर्चला जातात, पुढच्या बाकावर बसतात, आणि सगळे गाऊ लागले की ओठ मिटून घेतात.