भिंगरीची चार मिनिटं

शब्दकोश छापणाऱ्या त्या कार्यालयात तिला सगळे भिंगरी म्हणत. साठ हजार शब्दांची एक्सएमएल फाईल छपाईच्या पानांत बदलायचं काम तिची स्टाईलशीट, म्हणजे काय कसं छापायचं याच्या नियमांची फाईल, चार मिनिटांत उरकी, आणि त्या चार मिनिटांचा तिला भारी तोरा. आतल्या नियमांना नावं काय, तर क, ख, ख१. ते वाचणं म्हणजे मुंग्यांची पावलं मोजणं.

आता बहिणीचे दिवस भरत आले होते आणि भिंगरीला पंधरा दिवस तिच्यापाशी जायचं होतं. कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी अट घातली: तुझ्यामागे काकांना त्या नियमांच्या फाईलमध्ये बदल करता आला, तर खुशाल जा. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे. जन्मभर मुद्रितं तपासलेले, संगणक हल्लीच शिकलेले.

भिंगरीनं शक्कल लढवली. अर्थबिर्थ सोडून काकांकडून नुसतं पाठ करून घेतलं: ओळ दोनशे बारा, तिनाच्या जागी चार, की अक्षर मोठं. पण मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी विरुद्धार्थी शब्द ठळक करायला सांगितले. काकांनी धीर करून ख१ला हात लावला, आणि कोशातले सगळे शब्द गायब होऊन विरुद्धार्थीच तेवढे उरले. मॅडमनी भिंगरीचा रजेचा अर्ज खणात टाकला.

भिंगरी नव्यानं लिहायला बसली. नियमांना सरळ नावं, प्रत्येकावर एक साधं वाक्य. दोन दिवसांनी काका ती फाईल गोष्टीसारखी वाचू लागले. फक्त ती चालायला चाळीस मिनिटं घेऊ लागली. भिंगरी रडायचीच बाकी होती.

काकांचं बोट एका ओळीवर थांबलं. "अगं, एका विरुद्धार्थी शब्दासाठी हा संगणक दरवेळी पहिल्या पानापासून अख्खा कोश चाळतो?"

"हो ना. जुन्या फाईलमध्ये मी तिथं एक गंमत केली होती."

"गंमत राहू दे. आधी एकदाच सूची करून ठेवता येत नाही?"

येत होती. जुन्या फाईलमध्ये काकांना हे सात जन्मांत दिसलं नसतं. सूची घातली, आणि काम पाच मिनिटांवर आलं. मॅडमनी आणखी एक बदल सांगितला, काकांनी तो एकट्यानं केला, आणि अर्ज सही होऊन आला.

निघताना मात्र भिंगरीचे हात शिवशिवले. ते वाढीव एक मिनिट चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. एकाच ठिकाणी, अगदी जराशी कसरत केली तर? तिनं गुपचूप फाईल उघडायला घेतली, ती उघडेना.

"पासवर्ड मी बदललाय," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "तुझ्या चार मिनिटांत माझा चहा कधी संपत नव्हता. पळ आता, बहीण वाट बघतेय."